गाडीची चावी : शिरूर-दौंडच्या रस्त्यांवरचा इतिहास

मोटारीच्या चावीकडे आज चार कामे असतात. बॅटरीचा प्रवाह इंजिनाकडे सोडणे, सेल्फ फिरवणे, इंजिन बंद करणे आणि स्टेअरिंगचे कुलूप काढणे. ही कामे तिच्याकडे एकदम आली नाहीत. विसाव्या शतकात एकेक करून ती हँडलकडून, पायाजवळच्या बटणाकडून आणि डॅशबोर्डवरच्या खुंटीकडून चावीकडे सरकत गेली. प्रत्येक नव्या कामाबरोबर एक नवा बिघाडही आला. चावी अडकून बसणे हा त्यांतला बराच उशिरा आलेला बिघाड आहे. आधीच्या पिढीच्या चालकांना तो फारसा ठाऊकच नव्हता, कारण त्यांच्या गाडीत चावीने अडवून धरावे असे काही नव्हते.

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातले शिरूर आणि दौंड हे शेजारचे तालुके हा बदल पाहायला चांगले आहेत. दोघांमध्ये बऱ्याच अंतरापर्यंत भीमा वाहते. शिरूर, म्हणजे घोडनदी, पुणे–नगर रस्त्यावर पुण्यापासून सुमारे ६७ किलोमीटरवर आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे इंग्रजांच्या घोडदळाची छावणी होती आणि १८१८ च्या कोरेगावच्या लढाईतली पलटण तेथूनच निघाली होती. दौंडची घडण मात्र रेल्वेने केली. १८७८ मध्ये दौंड–मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि गाव मोठे जंक्शन बनले. पुणे–सोलापूर रस्ता दौंड शहरात शिरत नाही. तो यवत, पाटस, कुरकुंभ असा जातो. त्यामुळे मोटारीचे जग शिरूरला थेट बाजारपेठेत आले, तर दौंड तालुक्यात ते शहराबाहेरच्या रस्त्यावर, चौफुल्यासारख्या फाट्यांवर वाढले. न्हावऱ्यावरून चौफुल्याला आणि पुढे मोरगावकडे जाणारा रस्ता या दोन्ही महामार्गांना जोडतो.

सुरुवातीच्या मोटारींना चालू करण्यासाठी चावी नव्हतीच. पुढच्या बाजूने हँडल घालून इंजिन हाताने फिरवावे लागे. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हे चालकाला आधी शिकवले जाई. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटा झटका देई आणि मूठ वळून धरलेली असेल तर मनगट मोडे. ठिणगी मॅग्नेटो या यंत्रातून मिळे. बॉश कंपनीच्या गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केल्यावर तो जगभर वापरात आला. मॅग्नेटो इंजिनाबरोबर फिरतो आणि स्वतःच वीज तयार करतो. त्याला बॅटरी लागत नाही. त्यामुळे अशा गाडीतला स्विच इंजिन चालू करण्यासाठी नसे, बंद करण्यासाठी असे. तो मॅग्नेटोची वीज गाडीच्या लोखंडी सांगाड्यात उतरवी आणि ठिणगी थांबे. इग्निशन स्विचचा उगम असा बंद करण्याच्या कामात आहे. ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही, पण पुढे स्कूटरच्या काळात हीच रचना या भागातल्या घराघरांत पोहोचली.

चावीची गरज बॅटरीने निर्माण केली. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत बसवला गेला. बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांच्यावर चालणारी ठिणगीची पद्धत त्याच सुमारास रूढ झाली. आता स्विच चालू राहिला तर उभ्या गाडीतही कॉइल तापे आणि बॅटरी उतरे. शिवाय स्विच कोणीही फिरवू शकत असल्याने गाडी कोणीही नेऊ शके. म्हणून स्विचला लहानसे कुलूप आले. तरी कित्येक वर्षे चावीने फक्त प्रवाह चालू होई. सेल्फ मारण्यासाठी पायाने दाबायचे बटण किंवा ओढायची खुंटी वेगळी असे. चावी फिरवूनच सेल्फ मारण्याची सोय क्रायस्लर कंपनीने १९४९ मध्ये आणली.

त्याच्या एक वर्ष आधी, १ जून १९४८ रोजी, मुंबई राज्याच्या सरकारी वाहतूक सेवेची पहिली बस पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. तिच्या वाटेवर शिरूर होते. आज १ जून हा एसटीचा वर्धापन दिन असतो. सुरुवातीला सेवेकडे बेडफर्ड गाड्या होत्या. पुढे शिरूर आणि दौंड या दोन्ही ठिकाणी एसटीचे आगार झाले. सार्वजनिक बसची एक वेगळी गरज असते. ती एका माणसाची नसते. सकाळचा चालक दुपारी उतरतो, दुसरा चढतो, रात्री आगारातला कर्मचारी तीच गाडी धुण्यासाठी हलवतो. अशा वाहतुकीत प्रत्येक गाडीची वेगळी, नक्कल न होणारी चावी अडचणीची ठरते. लष्कराने हा अनुभव आधीच घेतला होता. अमेरिकी लष्कराच्या विलीज जीपला सुरुवातीला चावी होती. १९४२ मध्ये ती काढून साधा फिरवायचा खटका बसवण्यात आला, कारण युद्धात चावी हरवणे म्हणजे गाडी हातची जाणे. युद्धानंतर याच जीपची भारतीय आवृत्ती महिंद्र कंपनीने मुंबईत जुळवायला घेतली आणि सरकारी खात्यांच्या गाड्या म्हणून ती तालुक्याच्या गावांत दिसू लागली. तिचा सेल्फ पायाने दाबायचा असे.

ट्रॅक्टरच्या बाबतीत हा विचार आजही टिकून आहे. शिरूर तालुक्यात न्हावरे येथे घोडगंगा सहकारी साखर कारखाना आणि दौंड तालुक्यात पाटस येथे भीमा सहकारी साखर कारखाना उभा राहिल्यावर उसाच्या वाहतुकीसाठी ट्रॅक्टर-ट्रॉल्या वाढल्या. केडगाव, राहू, यवत भागात गुऱ्हाळेही आहेत. हंगामात एक ट्रॅक्टर मालक, त्याचा भाऊ, चालक असे अनेकजण चालवतात, म्हणून ट्रॅक्टरच्या अनेक जुन्या मॉडेलांत एकच चावी त्या जातीच्या बहुतेक सर्व ट्रॅक्टरांना लागते. त्या चावीवर दातही फारसे नसतात. ती हरवली तर दुकानात दुसरी सहज मिळते. चोरीच्या दृष्टीने ही उणीव आहे. पण मध्यरात्री उसाच्या फडात अडकलेल्या माणसाला तीच सोय वाटते, आणि कंपन्यांनी ती इतकी वर्षे ठेवली ती याच कारणाने.

डिझेल इंजिनाने चावीचे महत्त्व काही काळ आणखी कमी केले. डिझेलला ठिणगी लागत नाही. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच ते पेटते. इंजिन एकदा चालू झाले की विजेवाचून चालत राहते. म्हणून जुन्या ट्रकमध्ये, बसमध्ये आणि ट्रॅक्टरमध्ये चावी बंद करून हातात घेतली तरी इंजिन चालूच राही. ते थांबवण्यासाठी पंपाचे डिझेल तोडणारी ‘स्टॉप’ची केबल ओढावी लागे. इग्निशन स्विच जळाला तरी अशी गाडी रस्त्यावर अडून राहत नसे. उतारावर उभी करायची, गिअरमध्ये टाकून सोडायची, की इंजिन धरते. ज्यांच्या गाडीचा सेल्फ भरवशाचा नसे ते चालक मुक्कामाची जागा उतार पाहून निवडत. बजाज टेम्पो कंपनीच्या मॅटाडोर आणि १९८० च्या दशकात आलेल्या ट्रॅक्स या गाड्यांनी खेड्यापाड्यांतली ‘वडाप’, म्हणजे खासगी प्रवासी वाहतूक उचलली, तेव्हा ही सवयही त्यांच्याबरोबर गेली. पुढे केबलच्या जागी विजेवर चालणारा सोलेनॉइड आला. चावी बंद केली की सोलेनॉइड डिझेल तोडतो. बंद करण्याचे काम डिझेल गाडीतही चावीकडे आले आणि त्यामुळे स्विचमधला एखादा सैल संपर्कही चालती गाडी थांबवू लागला.

दुचाकीची गोष्ट वेगळी आहे. आकुर्डीच्या बजाज कंपनीची चेतक स्कूटर १९७२ मध्ये आली. तिला चालू करण्यासाठी चावी लागत नसे. किक मारायची आणि थांबवण्यासाठी बटण दाबायचे. मॅग्नेटोची जुनीच पद्धत तिथे होती: बटण वीज सांगाड्यात उतरवी. चावी होती ती हँडलच्या कुलपासाठी आणि डिकीसाठी. त्याच दशकात फिरोदियांच्या कायनेटिक कंपनीने नगरला बनवलेल्या लुना याच नगर रस्त्याच्या पट्ट्यात सर्वत्र दिसू लागल्या. चावी फिरवल्याशिवाय ठिणगीच नाही, ही रचना मोटारसायकलींबरोबर घट्ट झाली. १९८५ च्या हिरो होंडा सीडी १०० पासून पुढच्या गाड्यांत इग्निशन स्विच हँडलजवळ आला. त्याबरोबर या भागातल्या दुचाकी मेकॅनिकला नेहमी भेटणारा एक दोष आला. स्विचकडून येणाऱ्या वायरी हँडलच्या मानेजवळून जातात. हँडल दिवसभर डावीकडे-उजवीकडे वळते, वायर आतून तुटते, वरचे आवरण मात्र शाबूत दिसते. हँडल एका बाजूला वळले की गाडी बंद पडते, सरळ केले की चालू होते. पावसाचे पाणी स्विचमध्ये गेल्यावरही असेच होते. स्विच बदलण्याआधी मानेजवळची वायर तपासावी, हे अनुभवी मेकॅनिक शिकाऊ पोराला पहिल्यांदा सांगतो.

मोटारीची चावी अडकू लागली ती स्टेअरिंगच्या कुलपामुळे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पश्चिम जर्मनीने हे कुलूप मोटारींना सक्तीचे केले. जनरल मोटर्सने १९६९ च्या मॉडेलांपासून इग्निशनची चावी डॅशबोर्डवरून काढून स्टेअरिंगच्या दांड्यावर नेली आणि दोन्ही कुलपे एक केली. भारतात अँबॅसडर आणि कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचा काळ १९८३ पर्यंत जवळपास निर्विवाद होता. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, मग १९९४ मध्ये टाटा सुमो आणि १९९८ च्या अखेरीस इंडिका. या दोन टाटा गाड्या पुण्यातच बनत आणि शिरूर-दौंडच्या शेतकऱ्यांच्या, ठेकेदारांच्या दारात त्या लवकर आल्या. एका कुटुंबाची, एका मालकाची गाडी म्हणजे काय, ते या पिढीत ठरले. त्या मालकीची खूण म्हणून चावीही कडक झाली.

या कुलपाची रचना समजली तर चावी का अडकते तेही कळते. चावीच्या नळकांड्यात पितळी पातळ पत्त्यांची ओळ असते. प्रत्येक पत्तीला एक स्प्रिंग असते आणि प्रत्येकीची उंची वेगळी. योग्य चावीचे खाचे सगळ्या पत्त्यांना एका रेषेत आणतात, तेव्हाच नळकांडे फिरते. त्याच्या मागच्या टोकाला दोन गोष्टी जोडलेल्या असतात: तांब्याच्या संपर्कांचा विजेचा स्विच आणि स्टेअरिंगच्या दांड्यातल्या खाचेत शिरणारी लोखंडी कडी. चावी काढून स्टेअरिंग थोडे वळले की कडी खाचेत बसते.

गाडी उभी करताना चाके वळलेली असतील, किंवा टायर दगडाला अगर कठड्याला टेकलेला असेल, तर टायरचा ताण दांड्यावर येतो आणि कडी खाचेच्या कडेला चिमटली जाते. मग चावी आत जाते, पण फिरत नाही. कुलूप बिघडलेले नसते. फक्त ताणाखाली असते. अष्टविनायकांपैकी रांजणगावचा महागणपती शिरूर तालुक्यात आहे आणि सिद्धटेकला जाणारे अनेकजण दौंडवरून भीमा ओलांडतात. चतुर्थीला या वाटांवर गाड्या जागा मिळेल तशा, चाके वळवून, चढावर किंवा खड्ड्याच्या कडेला लागतात. चावी न फिरण्याची सर्वांत साधी तक्रार अशाच ठिकाणी निर्माण होते. उपायही साधा आहे. एका हाताने स्टेअरिंग ज्या बाजूला किंचित हलते त्या बाजूला दाबून धरायचे आणि दुसऱ्या हाताने चावी हलकेच फिरवायची. जोर स्टेअरिंगवर लावायचा, चावीवर नाही. चावीवर जोर लावला की पितळी चावी पिळवटते किंवा नळकांड्यातच तुटते, आणि पाच मिनिटांचे काम दिवसभराचे होते.

दुसरे कारण धूळ आणि झीज. दोन्ही तालुक्यांचा पूर्व भाग कमी पावसाचा आहे. उन्हाळ्यात माती बारीक होऊन उडते, हंगामात उसाच्या रस्त्यांवर ती सतत तरंगत असते. ही धूळ पत्त्यांच्या खाचांत बसते. चावी अडू लागली की घरचा माणूस आत खोबरेल तेल किंवा इंजिन ऑइल सोडतो. दोन दिवस चावी लोण्यासारखी फिरते, मग तेलात धूळ कालवली जाऊन पत्त्या चिकटतात. या कुलपाला कोरडे वंगणच हवे. ग्रॅफाइटची पूड त्यासाठी मिळते. नसेल तर शिसपेन्सिलीचे टोक घासून चावीवर लावले तरी तेच ग्रॅफाइट आत जाते. झिजलेल्या चावीवरून नवी चावी कापून घेणे ही आणखी एक नेहमीची चूक. नक्कल करणारे यंत्र झीजही जशीच्या तशी उतरवते. गाडीबरोबर आलेली दुसरी, न वापरलेली चावी कपाटात ठेवायची ती यासाठी: नक्कल तिच्यावरून काढायची. कुलूप झिजले की उलटही घडते. जुन्या गाडीत दुसऱ्या गाडीची चावीही लागते, किंवा चालू गाडीतून चावी निघून हातात येते.

आणीबाणीत ज्याला बोलावले जाते तो चावीवाला मूळचा शिकलगार परंपरेतला असतो, किंवा त्यांच्याकडून शिकलेला. सुऱ्या-कात्र्यांना धार लावणे, कुलपे दुरुस्त करणे, चाव्या घासणे ही या कारागिरांची पिढीजात कामे. मूळ चावी हरवली असेल तर तो कोरी चावी कुलपात घालून ताण देत हलवतो, बाहेर काढून तिच्यावर पत्त्यांनी उमटवलेले बारीक ओरखडे उजेडात पाहतो आणि तेवढ्याच जागी कानस चालवतो. पुन्हा घालतो, पुन्हा पाहतो. पत्ती रेषेत आली की तिचा ओरखडा उमटत नाही. या कामाला यंत्र नाही, मोजमाप नाही. सगळी भिस्त नजरेवर आणि बोटांवर. तुटलेला तुकडा तो हॅक्सॉ ब्लेडच्या पातळ पट्टीने खेचून काढतो. नळकांडे साफ अडले असेल तर मात्र पूर्ण लॉकसेट बदलावा लागतो. त्याचे बोल्ट मुद्दाम असे केलेले असतात की बसवताना त्यांचे डोके तुटून जाते. काढताना छिन्नीने फिरवून किंवा भोक पाडूनच ते निघतात. चोराला वेळ लागावा म्हणून केलेली ही योजना मेस्त्रीचाही वेळ घेते.

विजेच्या स्विचचा बिघाड वेगळा ओळखावा लागतो. चावी नीट फिरते, पण दिवे मंद होतात, सेल्फ ‘टक्’ करून थांबतो, किंवा खड्ड्यात आपटताच गाडी बंद पडते. संपर्क जळून काळे झालेले असतात. जास्त शक्तीचे हेडलाइट, मोठा हॉर्न, टेप असे सगळे चावीच्या स्विचवरून चालवले की हे लवकर होते. म्हणून चांगला वायरमन मध्ये रिले टाकतो आणि स्विचवरचा भार काढतो. स्विच गेला तर रस्त्यावर गाडी ‘डायरेक्ट’ केली जाते आणि सेल्फसाठी वेगळे बटण बसते. घरी पोहोचण्यापुरते ते ठीक आहे. तशीच वर्षानुवर्षे चालणारी गाडी मात्र धोक्याची असते, कारण फ्यूज टाळून नेलेली वायर आग लावू शकते. सेल्फच्या जागेवरून चावीला मागे आणणारी स्प्रिंग तुटली तर इंजिन चालू असतानाही सेल्फ फिरत राहतो आणि जळतो.

जड जुडगा हेही एक कारण आहे. घराच्या, विहिरीच्या मोटारीच्या, गोठ्याच्या चाव्या एकाच कडीत अडकवल्या की ते वजन खड्ड्याखड्ड्याला स्विचवर झटके देते. हा दोष किती घातक ठरू शकतो ते अमेरिकेत दिसले. २०१४ मध्ये जनरल मोटर्सला सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यांच्या स्विचमधला खटका इतका हलका होता की गुडघ्याच्या धक्क्याने किंवा जुडग्याच्या वजनाने चालत्या गाडीत चावी मागे सरके. इंजिन थांबे, स्टेअरिंगची आणि ब्रेकची मदत जाई, आणि अपघातात एअरबॅग उघडत नसे. भरपाई निधीने १२४ मृत्यू या दोषाशी जोडले. २०१५ मध्ये कंपनीने ९० कोटी डॉलर भरून खटला मिटवला. ट्रक-ट्रॅक्टरच्या जुन्या चालकाला चावी बंद झाल्याने काही बिघडत नव्हते; नव्या गाडीत त्याच एका हालचालीवर जीव अवलंबून राहू लागला होता.

शिरूर तालुका तोवर स्वतः मोटारी बनवू लागला होता. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत फियाट आणि टाटा यांच्या भागीदारीतला कारखाना आहे. २००९ मध्ये आलेल्या लिनिया आणि ग्रँड पुंतो तिथे बनल्या. २०१७ पासून जीप कंपास तिथूनच देशात आणि परदेशात जाऊ लागली. या पिढीच्या चावीत चिप असते. तिला स्वतःची बॅटरी लागत नाही. नळकांड्याभोवतीच्या तारेच्या कड्यातून मिळणाऱ्या लहरींवर ती जागी होते आणि आपला संकेत पाठवते. इंजिनाच्या संगणकाला तो पटला तरच इंधन आणि ठिणगी मिळते. चावी बरोबर कापलेली असली तरी चिप नसेल तर सेल्फ फिरूनही इंजिन धरत नाही, किंवा धरून लगेच थांबते. कड्याची तार तुटली तरी हेच होते आणि दोष पुष्कळदा इग्निशन स्विचवर ढकलला जातो. कानस घेऊन बसलेल्या कारागिराचे काम इथे अर्धेच उरले. पाते तो घासू शकतो. संकेत गाडीत नोंदवायला स्कॅनर आणि कंपनीचा कोड लागतो. त्यासाठी शिरूर-दौंडच्या गाडीमालकाला बहुतेक वेळा पुण्याची वाट धरावी लागते. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते, म्हणून दुसरी चावी हरवणे आता पैशाच्या दृष्टीनेही महाग पडते.

ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीत चावी न निघण्याचे आणखी एक कारण असते. गिअर ‘पी’वर पूर्ण बसला नसेल तर कुलूप चावी सोडत नाही, गिअर पुन्हा एकदा मागेपुढे करून ‘पी’वर घट्ट नेला की ती निघते. बटण दाबून चालू होणाऱ्या गाड्यांत नळकांडेच नाही. स्टेअरिंगचे कुलूप छोटी मोटर उघडते आणि टायरचा ताण असेल तर तीही अडते. तिथेही स्टेअरिंग हलवत बटण दाबायचे असते. खिशातल्या रिमोटचा सेल संपला तर तो बटणाजवळ किंवा कंपनीने दाखवलेल्या जागी टेकवावा, म्हणजे आतली बिनबॅटरीची चिप ओळखली जाते. रिमोटमध्ये लपवलेले लोखंडी पाते फक्त दार उघडते. इंजिन चालू करण्याचे काम आता त्याच्याकडे नाही.